दाराशी थांबलेला माणूस

१

लाकडी खोक्याचं झाकण उघडं होतं आणि आत नुसता कापूस होता.

"सकाळी रेकॉर्डर मी स्वतः यात ठेवला होता," वहिनी म्हणाली. "मग खाली पाहुण्यांना भेटायला गेले. वर येऊन बघते तर हे."

"मग पोलिसांना बोलव."

"आमची परिषद पोलिसांना बोलवत नाही. तसा ठरावच आहे. म्हणून तुम्हाला फोन केला, वन्सं."

मी आयुष्यभर पोलीस खात्यात होते, इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. म्हणजे पोलीस नकोत म्हणून पोलिसालाच बोलावलं, फक्त बिनपगारी आणि घरातलं. वहिनी ही माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून आम्ही एकमेकींच्या घरची पायरी चढलेलो नाही. तिने तुरुंगांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्यात एक आख्खं पान माझ्या चौकीवर खर्च केलं. मी ते पुस्तक रागारागाने दोनदा वाचलं. समासात पेन्सिलीने भांडले. तिसऱ्या प्रकरणाच्या बाजूला तेवढं काही लिहिलं नाही.

त्याच पुस्तकासाठी, आणि एकांत कोठड्या बंद करा म्हणून तिने रस्त्यावर येऊन जो लढा दिला त्यासाठी, आज दुपारी तिचा गौरव होणार होता. गौरव करणारी ही परिषद म्हणजे गुन्हेशास्त्राच्या अभ्यासकांचा एक वेगळाच पंथ. चोराने चोरी का केली हे बाकीचे विचारतात. हे विचारतात, त्याला चोर ठरवलं कुणी आणि ठरवणाऱ्याचा त्यात फायदा काय. मला या मंडळींचा मनापासून वीट आहे आणि त्यांनाही माझा आहे.

वर येतानाच चुणूक मिळाली होती. जिन्याच्या माथ्यावरच्या दारासमोर एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस वाट अडवून उभा होता. "सरका," म्हणून मी दार ढकललं तर हा गडी माझ्या मागून आत आला आणि वर आभार मानून मोकळा झाला. बाईमाणसासाठी दार उघडायची रीत या विद्वानांत नसावी असं मनाशी म्हटलं. पण तो विद्वान नव्हता. तो लंबू. अर्धं आयुष्य तुरुंगात काढून पॅरोलवर सुटलेला. वहिनीला मानचिन्ह त्याच्या हातून मिळणार होतं.

"रेकॉर्डरमध्ये काय होतं?" मी विचारलं.

"एका मुलाचा आवाज. कोठडीत वारला तो. त्याची आई खाली पहिल्या रांगेत येऊन बसलीये. मरायच्या आधी तो काय बोलला, ते आज पहिल्यांदा ऐकणार होती."

"दुसरी प्रत?"

"नाही. प्रत करणार नाही असा त्याला शब्द दिला होता."

तेवढ्यात दार उघडून परिषदेचे अध्यक्ष आत आले. पांढरी दाढी, खांद्याला कातडी बॅग, चेहऱ्यावर दुःख अगदी बेताचं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो झटकावासा वाटला.

"शोधाशोध नको, बाळा," ते म्हणाले. "रेकॉर्डर कुणी घेतला ते मला माहीत आहे. पण मी नाव सांगणार नाही."

२

नाव सांगणार नाही म्हणणारा माणूस ते सांगायला किती उतावळा असतो हे मला नोकरीने शिकवलं होतं. मी त्यांना शेजारच्या खोलीत नेलं आणि गप्प बसून राहिले. त्यांना ते फार काळ झेपलं नाही.

"मी व्हरांड्याच्या टोकाला होतो. भाषणाची तयारी करत. लंबू आला. दाराची मूठ फिरवली, डावीउजवीकडे पाहिलं आणि आत शिरला. थोड्या वेळाने बाहेर आला. दार अगदी अलगद ओढून घेतलं. हातात काहीतरी लपवलं होतं."

"हटकलं नाहीत?"

"बाळा, आम्ही माणसांना हटकत नाही." त्यांनी डोळे मिटले. "आणि त्याचं चुकलं असं तरी कसं म्हणू? तुरुंगाने त्याला घडवलंय. मी तर म्हणतो, आपण त्याला माफ करू या."

"मग प्रश्नच मिटला."

"तेवढं सोपं नाही. त्याच्या पॅरोलला जामीन मी राहिलोय. घडलेली गोष्ट दडवली तर मी खोटा ठरतो. संध्याकाळी त्याची हजेरी असते. तेव्हा ऑफिसात माझ्या तोंडून सांगावंच लागेल."

"म्हणजे तो परत आत."

"उरलेली सगळी शिक्षा भोगायला," अध्यक्ष म्हणाले, आणि मान हलवली. "फार वाईट वाटतं."

माफी देता देता माणसाला जन्माचा गाडून टाकायची ही तऱ्हा मी चौकीतही पाहिली नव्हती. आम्ही निदान तोंडावर शिव्या द्यायचो.

"वहिनीच्या पुस्तकाचं काय मत आहे तुमचं?" मी उठता उठता विचारलं. माणूस सैल सुटावा म्हणून मी असं काहीबाही विचारते.

"अप्रतिम! निवड समितीत पहिलं मत माझंच होतं. एकेक पान हलवून सोडतं."

"माझ्यावरचं पानसुद्धा?"

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "तेही," म्हणाले.

मी बाहेर पडले तर परिषदेची चिटणीस माझी वाट बघत उभी होती.

"अध्यक्षांनी लंबूचं नाव घेतलं ना?" ती म्हणाली. "ते शक्यच नाही. सकाळभर तो माझ्याबरोबर खाली सभागृहात होता. मी शपथेवर सांगते."

३

दोघांतलं एक खोटं बोलत होतं. आता माझ्या अंगात जुनी कामाची हुशारी आली.

चिटणीसबाई तिशीच्या, चष्मा सारखा नाकावर चढवणाऱ्या. वहिनीच्या पुस्तकाचं टंकलेखन त्यांनीच केलं होतं आणि मुद्रितंही तपासली होती. मी त्यांना समोर बसवलं.

"सकाळभर तो खाली काय करत होता?"

"खुर्च्या मांडत होता."

"आणि तुम्ही?"

"मीही खुर्च्याच." बोलता बोलता त्या उठल्या आणि सवयीने खोलीचं दार उघडलं. बाहेर लंबू पाण्याचा जग घेऊन उभा होता. "कधीपासून उभा आहेस रे?"

"झाला थोडा वेळ," तो म्हणाला, जग टेबलावर ठेवला आणि बाईंनी धरून ठेवलेल्या दारातून परत गेला. या इमारतीतली दारं सोडली की आपोआप मिटतात. ते मिटलं.

"खुर्च्या कुठल्या रंगाच्या आहेत हो?" मी विचारलं.

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"मी येताना सभागृहात डोकावले. तिथल्या खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या आहेत. त्या कुणी मांडत नाही."

त्या एकदम रडायला लागल्या. सकाळभर त्या दारावर पाहुण्यांना बिल्ले देत होत्या आणि लंबू कुठे होता याची त्यांना काहीच कल्पना नव्हती.

"मग खोटं का बोललात?"

"तो परत जाईल हो आत! आणि त्याने घेतलाच असेल, तर तो त्याचा दोष नाही. परिस्थिती असते, मनावर जखमा असतात…"

"घेतलाच असेल, हे कशावरून?"

त्यांनी चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

संपादक खालच्या चहाच्या खोलीत भेटले. परिषदेचं त्रैमासिक तेच चालवतात. यंदाचा गौरव आपला असं त्यांनी गृहीत धरलं होतं आणि ते लपवण्याइतकाही शहाणपणा त्यांच्यात नव्हता. त्यामुळे ते मला बाकीच्यांपेक्षा बरे वाटले.

"माझ्यावर संशय घ्या, खुशाल घ्या," ते म्हणाले. "तुमच्या वहिनींच्या पुस्तकावर मी दहा पानी टीका केलीये. ओळ न ओळ वाचून. दुसऱ्या प्रकरणात तर्काला भोक आहे, पाचव्यात रडारड आहे."

"आणि तिसऱ्यात?"

ते चहा ढवळत राहिले. "तिसऱ्याला मी हात लावला नाही. ते चांगलंय."

"सकाळी काही पाहिलंत?"

"नाही. आणि पाहिलं असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं. त्या माणसाला मी पोलिसांच्या तोंडी देणार नाही."

"कुठल्या माणसाला? मी कुणाचंच नाव घेतलं नाही."

संपादकांचा चमचा थांबला.

चौकीत मी नाना तऱ्हेचे लोक पाहिले, पण इतक्या एकमताने एका माणसाला चोर ठरवलेलं कधी पाहिलं नव्हतं. यांच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की समाज आधी शिक्का मारतो आणि मग पुरावा शोधतो. इथे शिक्का मारून झाला होता आणि पुरावा शोधणं अपमानाचं वाटत होतं म्हणून तेही कुणी करत नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी तरातरा वर गेले. वहिनी रिकाम्या खोक्यापाशी तशीच बसली होती.

"तुझी ही माणसं…" मी सुरुवात केली.

"वन्सं," तिने मला थांबवलं. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "मलाही वाटतंय, लंबूनेच घेतला."

४

"त्याला विचारलंस?"

"कसं विचारू? विचारणं म्हणजे संशय घेणं."

"आणि न विचारता संशय घेणं, ते सभ्यपणाचं वाटतं काय तुला?" मी ओरडलेच. "अगं, आम्ही चौकीत आणलेल्या माणसाला निदान विचारतो तरी, तू कुठे होतास. तुम्ही सगळे त्याला काचेच्या भांड्यासारखं जपताय आणि संध्याकाळी तो परत आत जाणार आहे. माफीपत्र घेऊन!"

वहिनीने तोंडावर पदर धरला. तिला रडताना मी भाऊ गेला तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आजच. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

"त्याने का घेतला असेल, असं वाटतं तुला?"

"तो त्या मुलाच्या शेजारच्या कोठडीत होता. ती भिंत, ते दिवस, सगळं परत ऐकणं त्याला सोसलं नसेल. सकाळी मी आवाज तपासायला सभागृहात थोडंसं वाजवलं, तेव्हा तो पांढराफटक पडला होता."

"तेव्हा सभागृहात आणखी कोण होतं?"

"सगळेच. अध्यक्ष, संपादक, चिटणीस."

"काय वाजवलंस? शब्दन् शब्द सांग."

तिला ते पाठ होतं. तिने डोळे मिटले आणि त्या मुलाच्या लयीत म्हणाली, "'एक तज्ज्ञ आले होते. मला एकट्याला ठेवलं तर चालेल का, ते बघायला. त्यांनी दार उघडलं नाही. झरोक्यातून विचारलं, झोप लागते ना, बाळा? मी हो म्हटलं. ते गेले. बाई, मला वाटलं होतं ते दार उघडतील.'"



"तो तज्ज्ञ कोण?"

"तुरुंगवाले नाव देत नाहीत. वर्षभर मागतेय. म्हणून तर आज सगळ्यांसमोर वाजवणार होते. कुणाला तरी ठाऊक असेल."

"बाळा म्हणाला तो."

"अर्धे म्हातारे तसंच बोलतात, वन्सं. त्यावरून कुणाला धरायचं?"

बरोबर होतं तिचं. त्यावरून मीही कुणाला धरलं नसतं. पण झरोका, दार, मूठ… मी खोलीच्या दाराकडे बघत राहिले. पितळेची गोल मूठ, आपोआप मिटणारी फळी. सकाळपासून पाहिलेल्या गोष्टी एकापाठोपाठ एक जागेवर बसल्या आणि मला माझ्याच मठ्ठपणाची लाज वाटली.

"सगळ्यांना इथे बोलाव," मी म्हटलं. "लंबूलाही. आणि तुझ्या पुस्तकाची एक प्रत दे."

५

सगळे जमले. लंबू आला नाही.

"घाबरला असेल," चिटणीसबाई पुटपुटल्या.

मी जाऊन दार उघडलं. तो बाहेरच उभा होता. आत येऊन भिंतीला टेकला.

"आता ऐका," मी म्हटलं. "हा माणूस सकाळी जिन्याच्या दारापाशी थांबला होता. मी उघडलं तेव्हा आत आला. मग पाण्याचा जग घेऊन थांबला होता. चिटणीसबाईंनी उघडलं. आत्ताही थांबला होता. सकाळी मी जिना चढले तेव्हा मी कोण हे त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे माझ्यासाठी सोंग आणायचं त्याला कारण नव्हतं. संपादक, तिसऱ्या प्रकरणात काय आहे?"

संपादकांचा चेहरा बदलला. "कोठडीच्या दाराला आतून मूठ नसते," ते सावकाश म्हणाले. "तिथे वर्षानुवर्षं राहिलेला माणूस सुटल्यावरही मिटलेल्या दाराला हात लावत नाही. उघडेपर्यंत थांबतो, नाहीतर परत फिरतो. त्या प्रकरणातला माणूस हाच आहे."

"चिटणीसबाई, तुम्हाला हे माहीत होतं?"

"मी टाइप केलंय ते. म्हणून तर त्याला दारं उघडून देते. पण आज… आज सुचलंच नाही हो."

"अध्यक्ष म्हणतात की लंबूने मूठ फिरवली, दार उघडलं, आत गेला आणि दार ओढून घेतलं. आता समजा, त्याच्यावर आळ घ्यायचा आहे आणि आळ घेणाऱ्याने पुस्तक वाचलंय. तो हे खोटं कधीच रचणार नाही. दार उघडं होतं, असं म्हणेल. बाईंनी टाइप केलंय. संपादकांनी फाडायला म्हणून का होईना, ओळ न ओळ वाचलंय. वहिनीने लिहिलंय. मी वैरी म्हणून दोनदा वाचलंय. हे खोटं फक्त अशा माणसाला सुचेल ज्याने पुस्तक उघडलेलंच नाही."

"हा काय पोरखेळ आहे?" अध्यक्ष उसळले. "निवड समितीत पहिलं मत माझं होतं!"

"हो. आणि माझ्यावरच्या पानाने तुम्ही हलून गेलात म्हणालात. त्या पानात काय आहे, सांगा."

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. वहिनी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिचा चेहरा बघवत नव्हता. दहा वर्षांची मेहनत, आणि शाबासकी देणाऱ्याने पहिलं पानही उलटलं नव्हतं.

मी लंबूकडे वळले. "मला तुम्हाला एक विचारायचंय. सकाळपासून कुणी विचारलं नाही, म्हणून मी विचारते. तुम्ही कुठे होता?"

तो जमिनीकडे बघत राहिला. मग अध्यक्षांकडे. मग परत जमिनीकडे.

"ते माझे जामीनदार आहेत," तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"या खोलीच्या बाहेर होतो. बाईंचे पाहुणे आलेत, ते सांगायला आलो होतो. दार मिटलेलं होतं. थांबलो. मग हे बाहेर आले. बॅगेचा पट्टा लावत. मला धक्का लागला, पण बघितलं नाही. दार मिटलं. यांच्या मागोमाग जिन्याच्या दारातून मी परत खाली गेलो." त्याने श्वास घेतला. "त्या दिवशी झरोक्यापाशी हेच होते, बाई. मी शेजारी होतो. सुटल्यावर पहिल्याच भेटीत आवाज ओळखला. पण माझ्या जामिनावर सही यांचीच होती, म्हणून गप्प राहिलो."

६

"बॅग उघडा," संपादक गरजले.

"नाही," वहिनी म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. "वहिनी!"

"आपण कुणाची झडती घेत नाही. यांचीही घेणार नाही." ती उठून अध्यक्षांसमोर उभी राहिली. "बॅग घेऊन खाली चला. त्याचं बोलणं मला पाठ आहे, मी म्हणून दाखवीन. पण त्याच्या आईला माझा आवाज नकोय, त्याचा हवाय. तिच्या शेजारी बसून तुम्ही तिला सांगा की तो तुमच्या बॅगेत आहे."

अध्यक्षांचा चेहरा आधी लाल झाला, मग काळवंडला. त्यांनी बॅगेत हात घालून रेकॉर्डर टेबलावर आदळला.

"सल्लागार म्हणून गेलो होतो! दिवसाला कितीतरी कोठड्या असायच्या. तुम्हाला काय ठाऊक आत काय चालतं?" मग ते लंबूकडे वळले. "आणि तू. माझा जामीन आत्तापासून संपला. ऑफिसला मी इथूनच फोन करतो. बघू, संध्याकाळी तुला कोण सोडवतं."

दार धाडकन उघडून ते निघून गेले. दार त्यांच्या मागे हळूच मिटलं.

लंबूने शर्टाचं वरचं बटण लावलं. परत आत जायची तयारी तो तेवढीच करू शकत होता.

मी पॅरोल ऑफिसला फोन लावला. तिथला अधिकारी कधीकाळी माझ्या हाताखाली घडलेला. मी लंबूचं नाव सांगितलं.

"मॅडम, तुम्ही? त्या माणसाचा जामीन काढून घेतल्याचा फोन आत्ताच आला."

"दुसरा जामीनदार लिहून घे."

"कोण?"

"मी. संध्याकाळी त्याला घेऊन येते सहीला."

"मॅडम, पण तुम्ही तर असल्या लोकांना…"

"लिहून घे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. वहिनी माझ्याकडे बघत होती. "बघू नकोस अशी. मला अजूनही तुझं निम्मं पटत नाही."

खाली सभागृह खच्चून भरलं होतं. आधी त्या मुलाचा आवाज लावला. त्याची आई पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. शेवटच्या वाक्याला तिने हात पुढे केला, जणू समोर दार होतं.

मग प्रश्न आला, मानपत्र वाचायचं कुणी. वहिनीने कागद माझ्या हातात दिला. अध्यक्षांनीच लिहिलेला. त्यात 'मौलिक', 'दिशादर्शक' आणि 'हलवून सोडणारं' होतं. पुस्तक मात्र कुठे नव्हतं. मी कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली.

"मी निवृत्त पोलीस आहे," मी म्हटलं. सभागृहात कुरबुर झाली. "या पुस्तकाचा मला राग आहे. दुसरं प्रकरण मला मान्य नाही. माझ्या चौकीवर एक पान आहे, त्यावर मी भांडणार आहे. पण तिसरं प्रकरण वाचलं तेव्हा पेन्सिल खाली ठेवावी लागली. आज त्या प्रकरणाने एका माणसाला तुरुंगात जाण्यापासून वाचवलं. पुस्तकाने याहून काय करायचं असतं, मला माहीत नाही." आणखी सुचेना, म्हणून खाली बसले.

लंबूने वहिनीच्या हातात मानचिन्ह ठेवलं. टाळ्या वाजत राहिल्या.

सगळे पांगल्यावर आम्ही तिघंच उरलो. ऑफिस बंद व्हायच्या आत पोचायचं होतं.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "पुस्तक दोनदा वाचलंत?"

"ते पान खोटं आहे, वहिनी."

"त्यातला एक शब्द खोटा नाही."

"उद्या घरी ये. समोरासमोर बघू."

"येते," ती म्हणाली. "पेन्सिलीच्या खुणांचं पुस्तक काढून ठेवा."

लंबू पुढे जाऊन बाहेरच्या मिटलेल्या दारापाशी उभा होता. पाठ ताठ, हात बाजूला, घाई नाही.

"सरका," मी म्हटलं, दार उघडलं आणि तो बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं.